समुद्रविद्येचा पहिला पाठ
(सुरत येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बारावीनंतर समुद्रविज्ञानाकडे वळावे काय, असे विचारणारी एक-दोन मुले मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या मागे उभे असलेले वडील हलक्या आवाजात विचारतात, "समुद्र शिकून पोट कसे भरणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरापूर्वी एक आठवण सांगतो.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकांहून अधिक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. आम्ही शेजाऱ्यांसह गच्चीवर बसून होतो. माझ्या लहानग्या पुतणीने विचारले, "काका, समुद्र तर इतका जवळ आहे, मग पाणी तिकडे वाहून का जात नाही?" मी विज्ञानाचा पदवीधर; परंतु मजपाशी उत्तर नव्हते.

ते पुढे वाचून उमगले. त्या ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती. पौर्णिमेस व अमावास्येस सूर्य आणि चंद्र यांच्या आकर्षणाची सांगड होऊन मोठी भरती येते. अशा वेळी मुखाशी समुद्राची पातळी चढते, नदीचा उतार कमी होतो आणि पुराचे पाणी मागे तुंबते. कोकणचा कोळी ज्यांस 'उधाण' आणि 'भांग' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, त्या गोष्टी पदवी घेऊनही मला ठाऊक नव्हत्या. ही खंत आजही मनात आहे.

मित्रहो, समुद्रविज्ञान हा एकच विषय नव्हे. भरती समजण्यास पदार्थविज्ञान व गणित हवे. तापीने आणलेला गाळ समजण्यास भूशास्त्र, खाऱ्या-गोड्या पाण्याचा संगम समजण्यास रसायनशास्त्र आणि चिखलातील जीवसृष्टी जाणण्यास जीवशास्त्र. खंभातचे आखात नरसाळ्याप्रमाणे निमुळते होत जाते, म्हणून भावनगरकडे भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांवर जाते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात निवटी हा मासा कल्ल्यांजवळच्या परांवर सरपटताना दिसतो. ओल्या त्वचेतून तो हवेतही श्वास घेतो. येथील लोक त्याला लेवटा म्हणतात. अशी प्रयोगशाळा आपल्या दाराशी असता तिच्याकडे पाठ का फिरवावी?

म्हणून माझा सल्ला असा : पदवीच्या नावात 'समुद्र' हा शब्द नसला तरी चिंता करू नका. प्रथम एक मूळ विज्ञान पक्के करा. आपल्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात जलजीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. ज्यांना प्रारंभापासूनच मत्स्यविज्ञान हवे, त्यांच्यासाठी रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ पासून महाविद्यालय आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १९६६ साली ती स्थापन झाली. संशोधनाची ओढ असलेल्याने ती अवश्य पाहावी. आणि पदवीच्या तीन-चार वर्षांत एक वही ठेवा. डुमसला जाल त्या दिवशी तिथी, भरतीची वेळ, वाळूचा रंग व दिसलेले जीव तीत नोंदवा. वर्षअखेर ती वही तुम्हाला पुष्कळ शिकवील.

आता वडीलधाऱ्यांना दोन शब्द. बंदरे, मत्स्यव्यवसाय, प्रदूषण-नियंत्रण, हवामान व सुनामीचा इशारा या सर्व क्षेत्रांत या विद्येचे जाणकार लागतात. १९९१ च्या किनारा-नियमन अधिसूचनेपासून किनाऱ्यावर मोठे काम करण्यापूर्वी त्याच्या परिणामांचाही विचार करावा लागतो. वाट डॉक्टरकी-इंजिनिअरिंगइतकी सरळ नाही, नोकरीस वेळ लागू शकतो, हे मी लपवीत नाही. परंतु समुद्राच्या आधाराने वाढलेल्या या नगरीत समुद्र जाणणारे मूठभरच असावेत, हे आपल्याला शोभणारे नाही.

पुन्हा कधी पाणी चढले आणि एखाद्या गच्चीवर कुणा बालकाने तोच प्रश्न विचारला, तर उत्तर देणारे कोणीतरी आपल्या घरचे असावे, एवढीच माझी इच्छा आहे.