ओढ्यातला दगड उलटून बघा

रानाची तब्येत कशी ओळखायची, यावर आज आम्ही बोलणार आहोत. झाडं उभी दिसली की रान बरं आहे, असं आपण धरून चालतो. पण झाड वाळायला वर्षं लागतात. किड्यांना बिघाड आधी कळतो.

आंब्याच्या डोंगरातली कडवी पुढे वारणेला मिळते, गजापूरकडची कासारी पंचगंगेला. शाहूवाडीच्या रानातला ओढा बिघडला तर ते पाणी लांबवर जातं. म्हणून आमच्या गटानं सुरुवात ओढ्यापासूनच केली. धुण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला, सावलीतला एक दगड उलटला. खाली शेपटीला दोन-तीन दोरे असलेले चपटे किडे सैरावैरा पळाले. वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर करणारी अळीही होती. यांना गार, वाहतं, स्वच्छ पाणी लागतं. धुण्याच्या खालच्या अंगाला तसाच दगड उलटला, तर बुळबुळीत शेवाळ आणि गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्या. आपल्या रक्तासारखाच त्यांचा तो लाल रंग, कमी हवेच्या पाण्यात तगायला कामी येतो. एखादी लाल अळी कुठंही सापडते. बाकीचे सगळे जाऊन त्याच उरल्या, तर पाणी बिघडलं समजावं.

दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, साबण आमचाच. पाणी वर आणून काठापासून लांब धुवायचं म्हटलं, तर भांडणं झाली. गुडघे दुखणाऱ्या बाईनं घागर घेऊन कितीदा चढायचं? तिचंही खरंच आहे. काहीजणी अजून ओढ्यातच धुतात.

काजव्याची अळी ओल्या पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढते. वणव्यात पाचोळा जळला की तिचा आसरा गेला. पावसाच्या तोंडावर नर लुकलुकत मादीला शोधतो, त्यात बॅटरीचा झोत पडला की खूण हरवते. आणि पाहुणे आले की बॅटरी घेऊन पुढं पळणारी पोरं आपलीच!

दरवर्षी जागा तीच, महिना तोच ठेवा आणि दिसेल ते बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. एका वर्षावरून निवाडा करू नका; पाऊस मागंपुढं झाला तरी किडे कमी दिसतात. उलटलेला दगड होता तसा ठेवा. भर पावसाळ्यात मात्र ओढ्यात उतरू नका. आम्हीही आता दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावरच जाणार आहोत.