नागपूर ते दिल्ली : विमानाचे तास आणि आपले तास

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



सरस मेळ्याचं, खरेदीदारांच्या बैठकीचं बोलावणं आता दिल्लीहूनही येतं. मग गटात पहिला प्रश्न निघतो, "विमानाने गेलं तर दोन तासांत पोचू ना?" तिकिटावर पावणेदोन तासांच्या आसपास वेळ असते, ती खरीच आहे. पण ते झाले विमानाचे तास.

आधी अंतर बघू. नागपूर-दिल्ली हवेतून सरळ सुमारे ८५० किलोमीटर. रेल्वेने तेच १,०९० च्या घरात जातं, कारण रूळ इटारसी, भोपाळ, झाशी, आग्रा असे वळत जातात. विमान एकदा वर गेलं की तासाला ८०० च्या आसपास धावतं. मग तर तासाभरातच पोचायला हवं! पण जागेवरून हललं की घड्याळ सुरू. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, दिल्लीवर गर्दी असली तर आकाशातच घिरट्या, उतरल्यावर पुन्हा लांबचा फेरा, हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं.

आता आपला हिशेब. विमान दुपारी दोनचं समजा. सामान द्यायची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते, मग हात जोडून उपयोग नाही. म्हणून बारापर्यंत विमानतळावर हवं. गावाहून नागपूर तीन तास, म्हणजे साडेआठला घर सोडायचं. पावणेचारला दिल्ली, पेट्या मिळेपर्यंत सव्वाचार, शहरात मुक्कामाला पोचेपर्यंत साडेपाच. झाले नऊ तास! रेल्वेने घर ते मुक्काम वीस-एकवीस तास लागतील, पण त्यातली रात्र झोपेत जाते आणि लॉजचं भाडं वाचतं.

माझं मत विचाराल तर मेळ्याला माल घेऊन रेल्वेनेच जावं. स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो सामान नेता येतं. विमानात बहुतेक कंपन्या १५ किलो पेटीत आणि ७ किलो हातात एवढंच देतात, वर किलोमागे पैसे. पापड-मसाल्याचा नफा तिथेच संपायचा. एका दिवसाची बैठक असेल, घरी लहान लेकरू असेल, तर मात्र विमान परवडतं. दोन दिवसांची मजुरीही धरा ना हिशेबात!

नमुन्याचं तिखट हातातल्या पिशवीत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात. ते मोठ्या पेटीत. पॉवर बँक उलट, ती हातातच लागते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला धुकं असतं, सकाळची विमानं तासन्‌तास अडकतात. बैठक अकराची असेल तर आदल्या दिवशीच पोचा.

आणि सचिवताई, ठरावात तिकिटाच्या रकमेसोबत टर्मिनलचा नंबरही लिहा. दिल्लीत टर्मिनल एक आणि तीन एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत. परतताना गाडीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगितलं, तर तो कुठल्याही दारात सोडेल.