गोधडीला धावदोरा की गाठ?

पाऊस उघडला की कल्याण-डोंबिवलीच्या बायकांचे निरोप यायला लागतात, "आईच्या साड्या ठेवल्यात, गोधडी शिवून द्याल का?" आई गेलेली असते, पण तिचं लुगडं टाकवत नाही. हल्ली त्यांच्यातली एखादी म्हणते, "मोबाईलवर गाठीची गोधडी पाहिली. एका दिवसात होते म्हणे. तशी द्या, स्वस्तात." मग आपण दिवसच्या दिवस धावदोरा घालत का बसायचं?

गाठीची पद्धत काही खोटी नाही. पिंजारी गादीला दाभणाने आरपार टाके घालतो, त्यातलाच हा प्रकार. तिकडे अमेरिकेतही मेनोनाइट पंथाच्या बायका एकत्र बसून अशा गाठीच्या गोधड्या करतात आणि निर्वासितांना पाठवतात. पण गाठ चालेल की नाही, हे आत काय भरलंय त्यावर ठरतं. पॉलिएस्टरचा सलग थर असेल तर पाच-सहा इंचांवर गाठ पुरते, आणि आपल्या पावसाळ्यात अशी गोधडी लवकर वाळतेही. पिंजलेला सुटा कापूस असेल तर गाठी तीन-तीन इंचांवर हव्यात, नाहीतर धुतल्यावर आत गोळे होतात.

जुन्या लुगड्यांना मात्र गाठ नको, असं आमचं ठाम मत आहे. विरलेल्या कापडावर गाठीचा सगळा ताण एकाच ठिकाणी येतो आणि तिथेच भोक पडतं. धावदोऱ्याचे बारीक टाके तो ताण सगळीकडे वाटून घेतात. एक साडी विरली तरी खालचा थर तिला धरून ठेवतो. बंगालच्या बायका कांथा शिवतात, तीही जुन्या साड्यांवर धावदोऱ्यानेच. बाजारातलं कापड फाटलं तर दुसरं आणता येतं. आईची साडी कुठून आणणार?

तान्ह्या बाळाच्या दुपट्यालाही गाठ नको. दोऱ्याची टोकं तोंडात जातात.

आता कापडाचं. साडी सुती आहे की नाही, हे हाताला नेहमी कळत नाही. कडेचा दोन बोटं दोरा काढून पाण्याच्या ताटलीवर चिमट्याने धरून जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तसली साडी वर शोभेला लावा; चुलीजवळ निजणाऱ्याच्या गोधडीत नकोच. अस्तराला भिवंडीच्या मागावरचं कोरं कापड घेतलंत तर आधी रात्रभर भिजवून धुवा. त्यातली खळ जाते आणि आटायचं ते तेव्हाच आटतं. लाल आणि गडद निळ्या साडीचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का तेही पाहून घ्या.

दोरा सुती, दोन पदरी. नायलॉनचा दोरा दिसतो मजबूत, पण जुनं कापड कापत जातो. थर जमिनीवर ताणून पसरा, कडांवर डबे ठेवा, लांब कच्चे टाके घाला, मगच कडेने आत आत शिवत या. गाठ मारायची असेल तर मधून सुरुवात करा, म्हणजे सुरकुती कडेला निघून जाते. दोरा आरपार दोनदा ओवा. मग उजवं टोक डाव्यावरून, नंतर डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून नेलंत तर गाठ सरकते. टोकं बोटाच्या पेराएवढी ठेवा.

राहिला पैशांचा प्रश्न. आमच्या गटात यावरून बरीच वादावादी झाली. दोन्ही गोधड्यांचा भाव नगावर एकच ठेवला तर धावदोरा घालणारीचे डोळे आणि पाठ फुकटात जातात. म्हणून आम्ही धावदोऱ्याची मजुरी दिवसांवर धरतो, गाठीची नगावर, आणि कापड, दोरा वेगळा लावतो. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा टाके विरळ करून भाव उतरवू नका. गोधडी लहान करा. कोणत्या पद्धतीची आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या.

आणि साड्या ताब्यात घेताना रंग, काठ वहीत लिहून घ्या. उरलेला तुकडा, अगदी चिंधी असली तरी, गोधडीसोबत परत द्या.