शिंद्यांच्या फौजेंतील द बॉयन

ता. १७ डिसेंबर १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला. सावंगी (मेघे) ज्या जिल्ह्यांत आहे, त्याला याच नदीचें नांव आहे. त्या तहांत आणखी एक कलम होतें : ज्या युरोपीय राष्ट्राशीं इंग्रजांचें युद्ध असेल, त्याचा मनुष्य भोसल्यांनीं चाकरीस ठेवूं नये. तेरा दिवसांनीं शिंद्यांवरहि हीच अट लादली गेली. ती कां, हें द बॉयन या सेनानीच्या चरित्रावरून कळतें.

इ. स. १७५१ त सॅव्हॉय प्रांतांत, शांबेरी येथें, केसाळ कातडीं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरीं तो जन्मला. द बॉयन हें उमरावी थाटाचें नांव त्यानें पुढें धारण केलें. फ्रेंचांच्या आयरिश पलटणींत तो कवाईत शिकला, रशियातर्फें तुर्कांशीं लढतांना कैद झाला, नंतर मद्रासेस कंपनीची चाकरी करून १७८४ सालीं महादजी शिंद्यांकडे आला.

आरंभीं त्याच्या हातीं दोनच पलटणी होत्या. त्यांस त्यानें कवाईत शिकविली, तोफांची जोड दिली आणि मुख्य म्हणजे पगार वेळेवर दिला. त्या खर्चासाठीं महादजींनीं त्यास दुआबांत जहागीर लावून दिली. जेथें शिपायांचे पगार महिनोन् महिने तुंबत, तेथें ही रीत नवीच होती. १७९० त पाटण व मेडता येथें या फौजेनें राजपुतांचा मोड केला आणि तिचे कंपू वाढत गेले. १७९४ त महादजी वारले. पुढच्या वर्षाअखेर द बॉयननें चाकरी सोडली व अपार संपत्तीसह तो युरोपास परतला. सार्डिनियाच्या राजानें त्यास काउंट केलें. १८३० त तो मायदेशीं वारला. शांबेरींत १८३८ सालीं उभारलेलें हत्तींचें कारंजें त्याचें स्मारक आहे.

त्याच्या मागें कंपूंचा मुख्य झाला पेरों. १८०३ त इंग्रजांशीं युद्ध जुंपतांच तो शत्रूच्या आश्रयास गेला, आणि बहुतेक गोरे अंमलदारहि निघून गेले. शिपाई मात्र हटले नाहींत. १ नोव्हेंबरला लासवारीस ते आपल्या तोफांपाशीं शर्थीनें लढले व तेथेंच पडले.

मग उणें कोठें पडलें? द बॉयननें पगार घेतला व काम चोख केलें. त्यास बोल लावण्याचें कारण नाहीं. पण पगारी सेनापति एक दिवस जाणारच, हें ओळखून हुकूम देण्याची विद्याहि आपल्या माणसांस शिकविणें हें धन्याचें काम होतें. तें राहून गेलें. म्हणूनच उसनी आणलेली ती विद्या तहाच्या एका कलमानें बंद करतां आली.