एका निषिद्ध आडनावाची कुलकथा

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संघाच्या व्यासपीठावरून स्कॉटलंडातील एका आडनावाविषयी बोलण्याचे आम्ही योजिले, तेव्हा कार्यकारी मंडळातील एकदोघा स्नेह्यांनी "हे आणखी काय नवे?" असा प्रश्न केला. प्रश्न रास्त आहे. कुलवृत्तांताचे काम हाती घेतल्यापासून आपल्या बैठकींत एक वाद वारंवार निघतो. ज्या कुटुंबांनी दोनतीन पिढ्यांपूर्वी आडनाव बदलले, कोणी गावावरून घेतले, कोणी हुद्द्यावरून, त्यांची नोंद मूळ कुळाखाली करावयाची की नाही? दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले आहे, आणि काही मने दुखावलीही आहेत. त्या वादात आणखी शब्दांची भर घालण्यापेक्षा, हाच प्रश्न ज्या कुळापुढे फासाच्या दोरासह येऊन उभा राहिला, त्या मॅक्ग्रेगर कुळाची हकीकत आपणांपुढे मांडावी असे आम्हांस वाटले.

स्कॉच आडनावे आपणांस वाटतात तितकी परकी नाहीत. 1819 ते 1827 पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे आडनाव एडिंबरोच्या पूर्वेस असलेल्या एका खेड्याचे. आपण गावाच्या नावाला 'कर' लावतो, ते लावीत नाहीत, एवढाच भेद. त्यांच्या मागून आलेले सर जॉन माल्कम यांचे आडनाव तर ऐकण्यासारखे आहे. गेलिक भाषेत त्याचा अर्थ संत कोलंबाचा मुंडन केलेला शिष्य, म्हणजे आपल्याकडील 'दास' या पदाचीच ती एक तऱ्हा. कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा आणि कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा. आपल्यातील वाकडे आणि बोबडे या मंडळींनी आता वाईट वाटून घेण्याचे कारण उरले नाही! 'मॅक' म्हणजे पुत्र. गेलिक बोलणाऱ्या घरांत मुलीच्या नावास 'मॅक' न लावता 'निक' लावतात, हे मात्र बाहेर फारसे कोणास ठाऊक नसते. 'मॅक' तेवढे स्कॉच आणि आखूड 'मक्' तेवढे आयरिश, ही समजूतही निराधार आहे. तो केवळ लेखनातील फरक होय.

आडनाव बदलण्याचे एक उदाहरण तर आपल्या इतिहासाच्या कपाटातच आहे. सातारचे रेसिडेंट जेम्स ग्रँट यांस स्वदेशी परतल्यावर ईडन नावाची इस्टेट वारशाने मिळाली, आणि तिच्याबरोबर त्यांनी डफ हे नाव आपल्या नावास जोडले. 1826 मध्ये मराठ्यांची बखर इंग्रजीत प्रसिद्ध झाली ती ग्रँट डफ या जोडनावाने. मालमत्तेबरोबर नावही पत्करावयाचे, ही रीत दत्तकविधान जाणणाऱ्या समाजास नवी वाटू नये. त्यांनी आपल्या मुलाचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेविले, आणि तो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. असो. ग्रँट डफ यांनी नाव बदलले ते राजीखुशीने. आता ज्यांना ते जिवाच्या भीतीने बदलावे लागले त्यांच्याकडे वळू.

मॅक्ग्रेगर म्हणजे ग्रेगरचा पुत्र. ग्रेगर हे मूळचे ग्रीक नाव, अर्थ जागरूक. रोमच्या अनेक पोपांनी ते धारण केले. आमचा वंश राजवंश आहे, असे या कुळाचे ब्रीद आहे, आणि नवव्या शतकातील राजा केनेथ मॅक्आल्पिन याच्या घराण्याशी ते आपले नाते सांगतात. कागदोपत्री आधार पाहू गेल्यास चौदाव्या शतकामागे पाऊल टाकणे अवघड आहे. कुलवृत्तांताच्या पहिल्या पानावर राजा किंवा ऋषी असावा ही इच्छा सर्व देशांत सारखीच असते, हे आपल्या संपादक मंडळाने ध्यानात ठेवावे.

त्यांची वस्ती स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगरी मुलखात, ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे या खोऱ्यांत. जमीन त्यांच्या वहिवाटीची होती, परंतु राजाची सनद त्यांच्यापाशी नव्हती. सनदा मिळविल्या त्या शेजारच्या कॅम्बेलांनी. दरबारी वजन, कायदेपंडित आणि सोयरिकी या तिन्ही साधनांनी कॅम्बेल वाढत गेले, आणि मॅक्ग्रेगर आपल्याच भूमीवर दुसऱ्याचे कूळ बनले. ज्याच्या हाती तलवार त्याची जमीन, हा त्यांचा जुना न्याय. कागदाच्या न्यायापुढे तो टिकला नाही. मग गुरे वळवून नेणे, लूटमार, खून, सूड हे सर्व आले. ते निर्दोष होते असे आम्ही म्हणणार नाही.

1570 साली ग्लेनस्ट्रेचा प्रमुख ग्रेगर रॉय यास कॅम्बेलांनी पकडून त्याचा शिरच्छेद केला. त्याची पत्नी मॅरियन ही स्वतः कॅम्बेलांची लेक. पतीचा वध माहेरच्या कुळाने केला, आणि मांडीवर लेकरू! तिच्या नावावर असलेला विलाप अंगाईच्या चालीवर आजही स्कॉटलंडात गातात. त्यांचाच मुलगा अलास्डेअर पुढे कुळाचा प्रमुख झाला.

त्याच्या कारकीर्दीत, 1603 च्या फेब्रुवारीत, ग्लेन फ्रुइन येथे मॅक्ग्रेगरांनी कहून कुळाचा मोड केला. (कहून हे आडनाव लिहितात ते भलत्याच लांबलचक अक्षरांनी, उच्चार मात्र एवढाच.) कहूनांच्या बाजूची शंभराहून अधिक माणसे पडली. कहून हे राजाज्ञेने मॅक्ग्रेगरांच्या बंदोबस्तास उभे राहिलेले होते, म्हणून हा त्यांचा पराभव राजाचाच अपमान ठरला. त्या वेळी राजा सहावा जेम्स इंग्लंडची गादी स्वीकारण्यासाठी लंडनला निघण्याच्या तयारीत होता. निघण्यापूर्वी दोनच दिवस, 3 एप्रिल 1603 रोजी, त्याच्या मंत्रिमंडळाने ठराव केला की, मॅक्ग्रेगर हे नाव यापुढे नष्ट समजावे. ते धारण करणाऱ्याने दुसरे नाव घ्यावे, न घेतल्यास देहान्त शासन.

अपराध्यास शिक्षा देणारे राजे पुष्कळ झाले. परंतु अपराध कोणी केला हे न पाहता, नाव हाच अपराध ठरविणारा कायदा विरळाच. अर्थात आपण फार दूर जावयास नको. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आपल्या देशात संपूर्ण जमातींवर जन्मतःच शिक्का मारला, आणि तो 1952 मध्ये पुसला गेला.

अलास्डेअर लपत राहिला. शेवटी आर्गाइलच्या अर्लने, हाही कॅम्बेलच, त्यास वचन दिले की, तुला स्कॉटलंडच्या हद्दीबाहेर सुखरूप पोचवितो. वचन अक्षरशः पाळण्यात आले. पहारेकऱ्यांनी त्यास हद्द ओलांडून इंग्लंडच्या भूमीवर नेले, आणि तेथून तसाच परत आणला! 20 जानेवारी 1604 रोजी एडिंबरोच्या चौकात त्यास फाशी दिले. तो कुळाचा मुख्य, म्हणून त्याचा फास इतर सोबत्यांहून एक पुरुषभर उंच बांधिला होता. त्याचा मान राखला तो एवढाच.

पुढील निर्बंध ऐकावे. या लोकांनी शस्त्र बाळगू नये, जेवणात मांस कापण्यापुरती टोक नसलेली सुरी चालेल. चौघांहून अधिकांनी एकत्र जमू नये. 1617 मध्ये पार्लमेंटने बंदीस दुजोरा दिला. कारण, फरारी झालेल्यांची मुले वयात येत होती, आणि ती बापाचे नाव पुन्हा उचलतील ही धास्ती होती. 1633 च्या कायद्याने तर कोणाही धर्मोपदेशकाने मुलाचे नाव ग्रेगर ठेवू नये, आणि कोणाही कारकुनाने त्या नावाचा दस्त लिहू नये, असे फर्माविले. बारशाला बंदी आणि खतपत्राला बंदी! मनुष्याचे नाव ज्या दोन ठिकाणी उमटते, ती दोन्ही दारे बंद करण्यात आली.

कुळाची पांगापांग झाली. कोणी ग्रँट झाला, कोणी मरे, कोणी ड्रमंड, ग्रॅहम, स्ट्युअर्ट. कित्येकांनी तर कॅम्बेल हेच, म्हणजे वैऱ्याचेच, नाव घेतले. ते आपल्या खोऱ्यांतील सर्वांत सुरक्षित नाव होते. काहींनी नाव किंचित मोडून घेतले, म्हणून ग्रेगरी आणि ग्रीग ही आडनावेही कुळाच्या परंपरेत मोजली जातात. ॲबर्डीनकडील ग्रेगरी घराणे असेच नाते सांगत असे. त्यातील जेम्स ग्रेगरी हा सतराव्या शतकातील थोर गणिती. ज्या श्रेणीस युरोपात त्याचे नाव मिळाले, ती केरळातील माधवाच्या परंपरेस त्याच्या कितीतरी आधी अवगत होती, हे जाता जाता सांगणे आम्हांस प्राप्त आहे. नॉर्वेचा प्रख्यात संगीतकार ग्रीग याचे पूर्वजही अठराव्या शतकात स्कॉटलंडातून तेथे गेले. मात्र या नावाचा प्रत्येक मनुष्य मूळचा मॅक्ग्रेगरच, असे अनुमान कोणी काढू नये.

1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठविली, कारण यादवीत हे कुळ त्याच्या बापाच्या बाजूने लढले होते. 1693 मध्ये राजा विल्यमने ती पुन्हा लादली. वॉल्टर स्कॉटच्या 1817 च्या कादंबरीमुळे जगास ठाऊक झालेला रॉब रॉय हा या दुसऱ्या बंदीतला. डोंगरात तो मॅक्ग्रेगर आणि कागदावर कॅम्बेल, आईच्या माहेरचे नाव. 1734 मध्ये तो अंथरुणात मरण पावला, हेच त्याच्या आयुष्यातील मोठे नवल म्हणावयाचे.

बंदी कायमची गेली ती 1774 च्या कायद्याने. 1603 पासून 171 वर्षे. मधली 32 वर्षांची मोकळीक वजा केली, तर 139 वर्षे हे नाव लिहिणे गुन्हा होते. एवढ्या काळात पाच पिढ्या सहज होतात. मग नाव उरले कोठे?

त्याचे उत्तर गेलिक लोकांच्या एका रीतीत आहे. त्यांच्या भाषेत आडनाव आणि वंशावळीचे पठन या दोहोंस एकच शब्द आहे, 'स्लॉन्न्यू'. घरात, शेकोटीजवळ मनुष्याची ओळख आडनावाने होत नसे. अमका, तमक्याचा मुलगा, फलाण्याचा नातू, अशी चारपाच पिढ्यांची साखळी म्हटली जाई. कारकून ज्याला ड्रमंड म्हणून नोंदवी, त्यास आजीने शिकविलेली साखळी पाठ असे, आणि तिच्या शेवटी कोण आहे हे त्यास पक्के ठाऊक असे. कायदा दप्तरापर्यंत पोचला. आजीच्या जिभेस बंदी घालणारे कलम कोणास सुचले नाही.

बंदी उठल्यावर कुळाचा प्रमुख कोण, हा प्रश्न निघाला. 826 जणांनी सह्या करून ज्यास प्रमुख मानिले, तो जॉन मरे हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालकडील फौजेतील सेनाधिकारी होता. ज्ञातिबंधूंनो, आम्ही हे पुन्हा सांगतो. मॅक्ग्रेगर म्हणून सह्या करणाऱ्या 826 जणांनी आपला मुख्य म्हणून मरे आडनावाचा मनुष्य निवडला, आणि त्याच्या आडनावाविषयी कोणी हरकत घेतली नाही. त्याने मॅक्ग्रेगर हे नाव विधिपूर्वक परत घेतले ते 1822 मध्ये. त्याच वर्षी राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजचिन्हांच्या रक्षणाचा मान त्याचा मुलगा सर इव्हान याच्या नेतृत्वाखाली या कुळास मिळाला. ज्यांना बोथट सुरीखेरीज शस्त्र माफ नव्हते, तेच आता नंग्या तलवारीनिशी राजमुकुटाभोवती उभे होते. कुळाची मंडळीही त्याच 1822 सालची. ती स्कॉटलंडातील सर्वांत जुन्या कुलसंस्थांपैकी एक असून अद्याप चालू आहे. आपल्या संघाहून वडील, हे मान्य केले पाहिजे.

सगळेच उजळ माथ्याचे निघाले असे नाही. त्याच सुमारास ग्रेगर मॅक्ग्रेगर नावाच्या एका सरदाराने मध्य अमेरिकेत पोयाइस नावाचे राज्य आपले आहे असे सांगून, अस्तित्वात नसलेल्या त्या देशातील जमिनी लंडन व एडिंबरोत विकल्या. सुमारे 250 माणसे तेथे गेली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मेली. कुलवृत्तांतात अशा पुरुषांची पाने गाळण्याचा मोह होतो.

सर्वच माणसे जुन्या नावाकडे परतलीही नाहीत. कोणाच्या जमिनीचे कागद नव्या नावाने झाले होते, कोणाच्या व्यापाराची पत त्या नावावर उभी होती, कोणास ते नाव आता आपलेच वाटत होते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राच्या तपासण्या अलीकडे या कुळातील मंडळींनी हौसेने करून घेतल्या. त्यांत जे दिसले ते मोठे मौजेचे आहे. मॅक्ग्रेगर नाव लावणारे कित्येक जण मूळ पुरुषपरंपरेतले नाहीत, आणि निराळीच आडनावे लावणारे कित्येक त्या परंपरेतले आहेत. पूर्वी कुळाच्या आश्रयास आलेले लोकही प्रमुखाचे नाव लावीत, हे त्याचे एक कारण. त्यांच्या मंडळीने यांपैकी कोणास बाहेर काढल्याचे ऐकिवात नाही.

त्यांचे कुळ म्हणजे आपली ज्ञाती नव्हे, हे आम्ही जाणतो, आणि तुलना ओढूनताणून करू इच्छीत नाही. आमची सूचना लहानशी आहे. संघाने छापलेल्या माहितीपत्रकात 'आडनाव' असा एकच रकाना आहे. त्याच्या शेजारी 'पूर्वीचे आडनाव, ठाऊक असल्यास' असा दुसरा घालावा, आणि त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडाव्या. घरातील वृद्ध स्त्रियांस विचारून त्या भरून घ्याव्यात. कागदपत्रे मागाहून तपासता येतील, त्या मात्र फार दिवस थांबणार नाहीत. माहितीपत्रके पुन्हा छापण्याचा जो खर्च येईल, त्यात आमची वर्गणी आम्ही आजच चिटणीसांकडे देऊन ठेविली आहे.