नवऱ्याच्या व्हिसावरची बाई

(सोलापूर येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी मला विचारलं, की बिडीची मजुरी, यंत्रमाग, पाणी, रेशन हे प्रश्न उभे असताना अमेरिकेच्या व्हिसावर बोलायचं कशासाठी? हा तर सुखवस्तू घरांचा प्रश्न. शंका रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर आधी देते.

सोलापूर, बार्शी, पंढरपूरची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला जातात आणि तिथून परदेशी. ही घरं आता फक्त बंगल्यातली राहिलेली नाहीत. कर्ज काढून, शेत विकून मुलगी 'परदेशातल्या स्थळाला' दिली जाते. मुलगी शिकलेली असते, अनेकदा कमावती असते. लग्नासाठी ती नोकरीचा राजीनामा देते. तिथे गेल्यावर काय हक्क मिळतील, हे लग्नाच्या बोलणीत कुणी विचारत नाही. मानपान, सोनं, कार्यालय सगळ्याची चर्चा होते, पण तिच्या कागदावर काय लिहिलेलं असेल याची होत नाही. आपल्या केंद्रात अशी मुलगी येते तेव्हा बहुतेक सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून हे आधी समजून घ्यायचं.

तो कागद कसा आहे ते पाहू. नोकरीसाठी अमेरिकेत जाणाऱ्या पुरुषाला बहुधा एच-१बी व्हिसा मिळतो. त्याच्या बायकोला मिळतो एच-४. हा 'अवलंबितांचा' व्हिसा. तिला तिथे राहता येतं, शिकता येतं, पण पगाराचं काम करता येत नाही. कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. म्हणजे सरकारच्या दप्तरी कमावती व्यक्ती म्हणून ती अस्तित्वातच नसते.

२०१५ सालापर्यंत या बायकांना काम करण्याची काही वाटच नव्हती. २६ मे २०१५ पासून ओबामा सरकारच्या नियमाने काहीजणींना परवाना मिळू लागला. पण कोणाला? ज्यांच्या नवऱ्याचा कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेला आहे त्यांनाच. कंपनीने नवऱ्यासाठी अर्ज केला नाही तर बायकोला परवाना नाही. तिचं शिक्षण, अनुभव, गरज यांचा काही संबंध नाही. हा परवाना मिळवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेल्या आहेत आणि जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत.

ही वाट पाहणं काही महिन्यांचं नसतं. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं देते, आणि सर्वसाधारणपणे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे इतकी लांबली आहे, की काही वर्गांत २०२५ साली २०१३च्या सुमाराच्या अर्जांचा नंबर लागत होता. बारा वर्षं! पंचविशीत गेलेली मुलगी सदतिशीला पोचते.

परवाना मिळाला तरी तो टिकवावा लागतो. त्याच्याविरुद्ध २०१५ सालीच कोर्टात दावा लागला होता. ऑगस्ट २०२४मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. हे बरं झालं. पण त्याच महिन्यात दुसरीकडून घाव बसला. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला, तर निकाल लागेपर्यंत जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहत असे. ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या अर्जांना ती सवलत राहिली नाही. कार्डाची मुदत संपली आणि नवं हाती आलं नाही, तर त्या दिवसापासून काम बंद. कचेरीच्या दिरंगाईची शिक्षा बाईला.

आता दवाखान्याचं. अमेरिकेत सर्वांसाठी मोफत सरकारी दवाखाना नाही. बहुतेकांना विमा मिळतो तो नोकरीतून, आणि बायको नवऱ्याच्या विम्यात. हप्ता त्याच्या पगारातून कापला जातो, नाव त्यानेच घालायचं, कागद त्याच्याच हाती. लग्न झाल्यावर बायकोचं नाव घालायला कंपनीच्या विम्यात किमान ३० दिवसांची खास मुदत असते. ती हुकली, तर सहसा वर्षातून एकदा होणाऱ्या नोंदणीपर्यंत थांबावं लागतं. त्याने नाव घातलंच नाही, आणि तिला दिवस गेले, तर? डॉक्टरकडे जाण्यासाठीही तिला त्याची मर्जी सांभाळावी लागते. नवऱ्याची नोकरी गेली की विमा धोक्यात, आणि साधारण ६० दिवसांत नवी नोकरी किंवा दुसरी सोय झाली नाही तर देशात राहण्याचा हक्कही धोक्यात. घटस्फोट झाला तर विमाही जातो आणि एच-४ही संपतो.

म्हणजे बघा, तिचं कमावणं, तिचं औषधपाणी आणि तिचं तिथलं राहणं, तिन्ही दोऱ्या एकाच माणसाच्या हातात. तो माणूस चांगला असेल तर निभावतं. पण चांगल्या नवऱ्यावर उभा असलेला हक्क हा हक्क नसतो, मेहेरबानी असते. आणि नवरा वाईट निघाला तर मारण्याचीही गरज पडत नाही. 'व्हिसा रद्द करीन' एवढं म्हटलं की पुरतं.

मला इथे आपल्या बिडी कामगार बायकांची आठवण होते. घरी बसून बिड्या वळणारी बाई आमची कामगारच नव्हे, असं कारखानदार म्हणत. १९८५ साली सुप्रीम कोर्टाने निर्वाळा दिला, की घरी बसून बिडी वळणारी स्त्रीही कामगार आहे आणि भविष्यनिर्वाह निधीवर तिचा हक्क आहे. तिची मजुरी तुटपुंजी आहे, तंबाखूने तिची छाती भरते, तिचं आयुष्य सुखाचं आहे असं कोणी म्हणणार नाही. पण फंडाच्या खात्यावर नाव तिचं आहे. हे कुणी दान दिलेलं नाही, संघटनेने झगडून मिळवलेलं आहे. आणि इंजिनिअर होऊन विमानाने गेलेल्या मुलीच्या नावावर मात्र एक नंबरही नसतो. प्रश्न सुखवस्तूपणाचा नाही. बाईला स्वतंत्र व्यक्ती मानायचं की कुणाची तरी अवलंबित, हा प्रश्न आहे, आणि तो कुंभारीच्या घरकुलातही आहे आणि न्यू जर्सीतही.

परदेशातल्या आपल्या बायका गप्प बसलेल्या नाहीत. न्यू जर्सीत १९८५ साली 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली 'सखी', कॅलिफोर्नियात १९९१ साली 'मैत्री' अशा दक्षिण आशियाई स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये नवरा सोडला की बायकोला परत पाठवण्याचा नियम होता. १९७९ साली स्थापन झालेल्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स'ने त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, आणि १९९९ साली हिंसा सिद्ध करणाऱ्या स्त्रियांना राहू देण्याची सवलत सरकारला द्यावी लागली. अमेरिकेत एच-४वरच्या पीडित स्त्रीला स्वतंत्रपणे कामाचा परवाना देण्याची तरतूद जानेवारी २००६मध्ये कायद्यात आली. पण अर्जाचा नमुना निघायला २०१७ साल उजाडलं! अकरा वर्षं हक्क कागदावरच होता. कायदा झाला म्हणून लढा संपत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्या देशात काय आहे? १९९१ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याला सोडून परदेशी कोर्टाने दिलेला घटस्फोट इथे सहसा मान्य होणार नाही. १९९४ साली नीरजा सराफ खटल्यात कोर्टाने सुचवलं, की भारतात झालेलं असं लग्न परदेशी कोर्टाला रद्द करता येऊ नये, बायकोला पुरेशी पोटगी मिळावी आणि इथल्या कोर्टाचे हुकूम तिकडेही अमलात यावेत, यासाठी कायदा करा. २०१९ साली राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक मांडलं गेलं. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने २८७व्या अहवालात सर्वसमावेशक कायद्याची शिफारस पुन्हा केली. तीस वर्षांनंतरही शिफारसच!

तोवर आपण काय करायचं? स्थळ परदेशातलं असेल तर मुलीला आणि तिच्या आईवडिलांना चार प्रश्न विचारायला शिकवायचं. नवऱ्याचा व्हिसा कोणता, त्याची मुदत कधीपर्यंत? ग्रीन कार्डाचा अर्ज झाला आहे का, कोणत्या टप्प्यावर आहे? विम्यात तिचं नाव कोणत्या तारखेला घालणार? आणि तिथे गेल्यावर परवाना नसेल तर ती काय करणार? यात गैर काही नाही. सोन्याचं वजन विचारताना आपण लाजत नाही.

लग्नाची नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे जाण्याआधीच करून घ्यायची. पासपोर्ट तिच्याच ताब्यात राहील. नवऱ्याच्या व्हिसाच्या मंजुरीपत्राची, तिच्या प्रवेशाच्या नोंदीची, विम्याच्या कार्डाची एकेक प्रत तिच्याकडे आणि एकेक माहेरी. पदवीच्या गुणपत्रिका आणि अनुभवाचे दाखले बरोबर न्यायचे. परवाना नसला तरी शिक्षण घेता येतं हे तिला माहीत हवं. परवान्याचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून करता येतं, तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज टाकायचा.

विमा तुटण्याची वेळ आली तर हेही सांगून ठेवा. वीस किंवा अधिक माणसांच्या कंपनीत घटस्फोटानंतर बायकोला तोच विमा ३६ महिने चालू ठेवता येतो, मात्र ६० दिवसांत कळवावं लागतं आणि पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो. तो महाग असतो. जिवावर बेतलं तर इस्पितळाच्या तातडीच्या विभागाला पैसे किंवा कागद नाहीत म्हणून तिला तपासायचं टाळता येत नाही. बिल मागाहून येतं, पण दार बंद करता येत नाही.

आणि संकटात सापडली, तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष २००९पासून तक्रारी घेतो. भारतीय वकिलातींकडे कल्याण निधी आहे, त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते. इथे परतलेल्या बाईला २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली राहत्या गावी दाद मागता येते. परत आलेली मुलगी हरून आलेली नाही, हे मात्र आधी तिच्या घरच्यांना समजवावं लागतं. ते काम कुठल्याही वकिलाचं नाही, आपलं आहे.

आपली मागणी सरळ आहे. इथल्या सरकारने तीस वर्षं रखडलेला कायदा करावा. परदेशी सरकारांशी बोलणी करताना सॉफ्टवेअरच्या निर्यातीबरोबर बायकांच्या परवान्याचा आणि विम्याचा मुद्दाही मेजावर ठेवावा. बाईचा व्हिसा, कामाचा परवाना आणि आजारपणातला उपचार तिच्या स्वतःच्या नावाने असला पाहिजे. वस्तीवस्तीच्या पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न फळ्यावर लिहा. लग्नसराई जवळ आली आहे.