खोली बघायला जाताना

आदरणीय गुरुजन, आणि ज्यांना आता अहो म्हणायचं की अरे, हे मी सकाळपासून ठरवते आहे ते माझे सगळे वर्गमित्र आणि मैत्रिणी,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. शाळेच्या आठवणी सांगायला आज बरेच जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही. मी बोलणार आहे ते सकाळच्या चहाच्या वेळी मला विचारलेल्या प्रश्नावर. तिघांनी वेगवेगळा येऊन एकच प्रश्न विचारला, "लेकरू बारावीला आहे, पुढं नांदेडला ठेवावं का लातूरला?" मी नांदेडला मुलींच्या एका वसतिगृहाची अधीक्षक आहे, हे तुम्हाला माहीत आहे. या जूनला तिथं मला एकोणीस वर्षं होतील. कॉलेज कोणतं, तुकडी अनुदानित आहे का, क्लास कुणाचा, हे सगळं तुम्ही विचारलंत. लेकरू राहणार कुठं, हे एकानंही विचारलं नाही. ते ॲडमिशन झाल्यावर, सामान बांधून झाल्यावर, एका रविवारच्या दुपारी उरकायचं काम असं आपण धरून चालतो. मला त्याच रविवारच्या दुपारबद्दल बोलायचं आहे.

आधी आपलाच हिशेब मांडते. १९९२ ला दहावीच्या आपल्या वर्गात आम्ही अकरा मुली होतो. पदवी झाली तिघींची. बाकीच्या आठ जणींपैकी दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, आणि इथं बसलेल्या गुरुजींना त्यांची नावं आजही आठवत असतील. त्या मार्कांमुळं थांबल्या नाहीत, आणि दोन घरं सोडली तर फीमुळंही थांबल्या नाहीत. "राहील कुठं?" या प्रश्नाला घरात उत्तर नव्हतं, म्हणून थांबल्या. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्याचं मग लग्न लावून टाकतात.

तेव्हा उमरीतून नांदेडला शिकायचं तर तीन वाटा होत्या. अपडाऊन, पाहुण्यांचं घर, नाहीतर खोली. आजही तिन्ही तशाच आहेत.

अपडाऊन आपल्याला फार स्वस्त वाटतं. घरचा डबा, घरची झोप, वर रेल्वेचा पास. आता तर एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं मुलींच्या बाबतीत हा मोह आणखी वाढलाय. पण एकदा कागदावर मांडून बघा. घरातून निघून कॉलेजात पोचायला दीड-दोन तास, तितकेच परतीचे. वर्षात दोनशे दिवस धरले तर सहाशे ते आठशे तास झाले. एवढ्या वेळात दोन विषय आरामात वाचून होतात. शिवाय दुपारचं प्रॅक्टिकल लांबलं की गाडी चुकते, आणि गाडीची भीती असली की मुलगी प्रॅक्टिकल सोडते. लायब्ररी, स्नेहसंमेलन, एन.एस.एस., यातलं काही तिच्या वाट्याला येत नाही. ती कॉलेजात जाऊन येते, तिथं राहत नाही. बी.ए., बी.कॉम. करताना काही जण हे निभावतात. सायन्सच्या पहिल्या वर्षाला मी कुणालाही अपडाऊन सुचवणार नाही.

पाहुण्यांच्या घराबद्दल बोलणं जरा अवघड आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आपल्या घरी भाचे-पुतणे ठेवून शिकवलेत. त्यांना माझा नमस्कार. तरी सांगते. आत्याच्या घरी राहणारा मुलगा पाहुणा असतो आणि आत्याच्या घरी राहणारी मुलगी घरातली असते. मुलाला ताट मिळतं, मुलीला पोळपाट. कुणी वाईट नसतं, आत्या तर नसतेच. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे आले तर भाकरी टाकायला कोण उठणार, हे आधीच ठरलेलं असतं. आणि मुलगी तक्रार करू शकत नाही, कारण तिची तक्रार म्हणजे दोन घरांतलं भांडण. खोलीमालकाशी वाजलं तर खोली बदलता येते. आत्या बदलता येत नाही.

माझ्या वडिलांनी खोलीची वाट धरली. जून १९९४. आधीच्या सप्टेंबरातच किल्लारीचा भूकंप झाला होता, त्याला नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. अण्णांनी नांदेडात चार खोल्या बघितल्या आणि चारही ठिकाणी आधी भिंत ठोकून पाहिली. "बाई, भिंत मातीत बांधलेली का सिमेंटात?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मालकीणबाई वैतागल्या. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. आज मात्र मी पालकांना तेच सांगते, की लाजू नका, भिंत ठोकून बघा. आमच्यासोबत तेव्हा आपले गणिताचे सर आले होते. सर, तुम्ही समोरच बसलात म्हणून सांगते, तुम्ही भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. तुम्ही शेजारच्या खोलीतल्या मुलींना विचारलंत, "पोरींनो, रात्री अभ्यासाला लाईट लावू देतात का?" अण्णा आणि सर दोघं मिळून एक खोली पूर्ण बघून झाली. एकट्या बापाला सगळं दिसत नाही.

आम्ही कॉलेजात गेलो तेव्हा आपली कॉलेजं औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती, ज्याचा नामविस्तार त्याच वर्षी १४ जानेवारीला झाला होता. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. विद्यापीठ जवळ आलं, पण राहायची जागा आपोआप जवळ आली नाही.

हा प्रश्न आपल्याकडं जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढली, कारण खेड्यातला मुलगा शहरात आला तरी त्याला टेकायला जागा नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, तेव्हा मुलांच्या राहण्याचा विचार त्यासोबतच केला होता. आणि आपल्या हैदराबाद संस्थानातली गोष्ट तर खास वसतिगृहाचीच आहे. १९३८ ला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं. औरंगाबादच्या कॉलेजातही तेच झालं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एकत्र राहणारी मुलं एकमेकांकडून काय शिकतात, याचा यापेक्षा मोठा दाखला मला ठाऊक नाही. वर्गात ती मुलं आपापल्या बाकावर होती, एकत्र आली ती वसतिगृहात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षाला वसतिगृह मिळत असेल तर तेच घ्या, ते थोडं जुनाट असलं तरी. स्वतंत्र खोली दुसऱ्या वर्षी. एकट्या खोलीत अभ्यास जास्त होतो हा पालकांचा समज आहे, मुलांचा नाही. एकट्या खोलीत ताप आलेला कुणाला कळत नाही.

आता जी गोष्ट स्मरणिकेत छापायची का नाही हे संपादकांनी ठरवावं. नांदेड असो, लातूर असो, पुणे असो, खोली दाखवण्याआधी काही दारांत अजूनही आडनाव विचारतात. आडनावावरून अंदाज आला नाही तर "तुम्ही कोणते?" असं विचारतात. मग अचानक खोली "कालच गेलेली" असते. आपल्या वर्गातल्या काहींनी हे स्वतः झेललंय, काहींची लेकरं आज झेलताहेत, आणि बाकीच्यांना त्याची कल्पनासुद्धा नाही, कारण त्यांना खोली पहिल्या फेरीत मिळते. जिथं आडनाव विचारलं जातं तिथं आपलं आडनाव चालत असलं तरी लेकरू ठेवू नये, असं मला वाटतं. त्या घरात ते दुसरं काय शिकणार?

खोली बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रविवारी दुपारी सगळ्या खोल्या चांगल्या दिसतात. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी सातला जा. मुलं क्लासवरून आलेली असतात, नळाला पाणी आहे का नाही ते कळतं, एका संडासामागं किती जण उभे आहेत ते दिसतं. मेसचं ताट पैसे देऊन जेवा, आणि वरण जेवा, भाजी नको. भाजी कुणीही एक दिवस चांगली करतो. मालकाशी कमी बोला, तिथं राहणाऱ्या मुलांशी जास्त बोला, आणि मालक तिथून हलल्यावर बोला. कॉलेजपासून खोलीपर्यंत चालत या, गाडीवर नको. शेवटचा तास सुटल्यावर जो रस्ता लेकराला तुडवायचाय तो तुमच्या पायांना कळू द्या. फाटक किती वाजता बंद होतं आणि लायब्ररी किती वाजता, हे दोन्ही विचारा. फाटक सातला आणि लायब्ररी आठला, असं असेल तर त्या लायब्ररीचा उपयोग काय?

लातूरला जाणाऱ्यांनी पाण्याची चौकशी पहिली करावी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नका. पाऊस बरा झाला की आपण विसरतो. बोअर किती खोल आहे, मेमध्ये टँकर येतो का आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे आधी ठरवून घ्या.

भाड्याचा करार लेखी करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अनामत किती, परत कधी मिळणार, मध्येच सोडलं तर काय, ही तीन वाक्यं त्यात पाहिजेत. "आपल्याच गावाकडचे आहेत" म्हणून तोंडी व्यवहार करणारे पालक मार्चमध्ये माझ्याकडं येऊन बसतात. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे आणि त्यात शिक्षा आहे. लेकराला हे जायच्या आधी सांगा, नंतर नको.

पैशाचं थोडं सांगते. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगली गोष्ट झाली. पण माफ झाली ती फी, खोली आणि मेस नव्हे, आणि गावाकडच्या घराला फीपेक्षा तेच जड जातं. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, तिच्यात मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयम् योजना आहे, ओबीसी आणि भटक्यांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. यांचे अर्ज मुदतीत करावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लेकराच्या स्वतःच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं, हे निकालाची वाट न बघता एप्रिल-मेमध्येच करून ठेवा. जूनमध्ये तहसीलला काय रांग असते ते तुम्ही बघितलंय. आणि पैसे मिळेपर्यंतचे तीन-चार महिने हातातून खर्च करावा लागेल, एवढी तजवीज ठेवा.

पुण्याला पाठवणाऱ्यांसाठी एकच नाव सांगते. विद्यार्थी साहाय्यक समिती, अच्युतराव आपट्यांनी १९५५ ला सुरू केलेली. खेड्यातल्या गरजू मुलांसाठी आहे. अर्ज करून बघा.

सगळं नीट बघून ठेवलं तरी पहिले दोन महिने अवघडच असतात. माझ्याकडच्या मुली बहुतेक पोळ्याला नाहीतर महालक्ष्म्यांना घरी जातात, आणि त्यातली एखादी परत येत नाही. आई म्हणते, "तिला करमत नाही हो मॅडम." कुणालाच करमत नाही. मलाही पहिले चाळीस दिवस करमलं नव्हतं. एकेचाळिसाव्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या मुलीनं माझ्या ताटातला ठेचा न विचारता घेतला, आणि मग जमलं. दर शनिवारी लेकराला घरी बोलावू नका. तुम्हीच जा, डबा घेऊन, आणि तो डबा पाच जणांना पुरेल एवढा न्या.

आता माझी विनंती. आपल्या बॅचचे नांदेडला किमान पंधरा जण आहेत, लातूरला सहा-सात, पुण्याला तर दुसरी उमरीच आहे. शाळेला पंखे आणि संगणक द्यायचा ठराव दुपारी होणार आहे, माझी वर्गणी मी भरली आहे. त्यासोबत एवढं करू. यंदा आपल्या शाळेतून बारावी होणारी, ज्यांच्या घरात शहर बघितलेलं कुणी नाही अशी जी मुलं-मुली आहेत, त्यांची यादी वर्गशिक्षकांनी आपल्याला द्यावी. प्रत्येकानं एकाच लेकरासोबत, एकाच संध्याकाळी, खोली बघायला जावं आणि स्थानिक पालक म्हणून फॉर्मवर सही करावी. सही करणाऱ्यानं महिन्यातून एकदा तिथं जाऊन यायचं, नुसती सही नको.

नांदेडच्या यादीतली पहिली तीन नावं माझ्याकडं द्या. चौथ्यासाठी वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, पेन बांधलेला आहे.